नाव नसलेल्या आजारांची गोष्ट

आमच्या रेणापूर भागात बिबा कुणाला माहीत नाही असे होत नाही. पायात काटा मोडला की बिब्ब्याचा चटका देतात, त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात पडते. आणि कधी कधी हाच बिबा एखाद्याच्या अंगावर उलटतो. चेहरा सुजतो, डोळे मिटतात, कातडीवर पाणफोड येतात. आपल्याकडे त्याला ‘बिबा उतला’ म्हणतात. एकाच घरात चौघांनी बिबा हाताळावा, तिघांना काही होऊ नये आणि चौथ्याचा चेहरा ओळखू येऊ नये, हे आपल्या आज्यांनी पाहिले होते. ‘त्याला बिबा सोसत नाही’ असे त्या म्हणत. ॲलर्जी हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण ‘सोसत नाही’ या दोन शब्दांत त्यांनी तोच अर्थ सांगितला होता.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिक भारतात होते. आपले धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत. कॉलरच्या आतल्या बाजूला खूण, आणि सैनिकांच्या मानेवर नेमके तिथेच पुरळ. त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या ‘धोबीखुणेच्या’ त्वचारोगाची माहिती छापली. म्हणजे आपल्या घरातली ही गोष्ट वैद्यकाच्या पुस्तकात गेली ती परदेशी मानेवरून.

असे आणखी शब्द आपल्याकडे आहेत. अंगावर गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ म्हणायचे आणि आमसुलाचे पाणी लावायचे. लेकराच्या छातीत शिट्टी वाजू लागली की ‘बाळदमा’. मळणीच्या धुरळ्याने ज्याला शिंका येतात त्याला खळ्यावर जाऊ द्यायचे नाही. हे सारे आजार लोकांनी पाहिले, ओळखले, त्यांना नावे दिली.

पण एका आजाराला आपल्याकडे नावच नव्हते. जन्मल्यापासून ज्या लेकराला एकामागून एक जंतुसंसर्ग होतो, न्यूमोनिया बरा झाला की कान वाहतो, कान थांबला की गळू येते, वजन वाढत नाही, आणि वर्ष-दोन वर्षांत ते जाते, अशा लेकराच्या आजाराला आपण काय म्हणत होतो? ‘दृष्ट लागली’ म्हणत होतो. पाचवीच्या रात्री सटवाईने तेवढेच लिहिले होते म्हणत होतो. ही आजाराची नावे नव्हेत, ही दुःख गिळण्याची रीत होती. मी अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि तीसहून अधिक वर्षे रेणापुरात दवाखाना चालवतो. इतक्या वर्षांत माझ्या मनात पक्के बसलेले एक निरीक्षण आज सांगायचे आहे. ज्या आजारात माणूस जगतो त्याला नाव मिळते. ज्या आजारात लेकरू नावारूपाला येण्याआधीच जाते, तो आजार पिढ्यान्‌पिढ्या बिननावाचा राहतो. रोगप्रतिकारशक्तीच्या विकारांचा इतिहास हा असा आहे.

हे दोन्ही प्रकार एकाच व्यवस्थेचे आहेत, हे आधी समजून घेऊ. ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळ्यावर जागल्या बसवतात. त्याच्या हातात गोफण असते. पाखरे आली की त्याने दगड मारायचा. आपल्या शरीरातल्या पांढऱ्या पेशी हे काम करतात. आता एखादा जागल्या इतका तापट निघाला, की बांधावरून जाणाऱ्या पाहुण्यालाही दगड मारू लागला, तर ती झाली ॲलर्जी. धूळ, परागकण, हरभऱ्याची डाळ यांपासून शरीराला धोका नसतो, तरी शरीर त्यांच्यावर तुटून पडते. आणि जागल्या आलाच नाही, किंवा आला पण गोफण विसरला, तर पाखरे सगळे कणीस खाऊन जातात. ती झाली प्रतिकारशक्तीची कमतरता.

ॲलर्जी हा शब्द जन्मला तो मुलांच्या दवाखान्यात. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेली लस, म्हणजे सिरम, टोचत. त्या काळी तोच उपाय होता. ते सिरम टोचल्यावर काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप यायचा, पुरळ उठायचे, सांधे सुजायचे. तेच सिरम पुन्हा टोचले तर हा त्रास फार लवकर व्हायचा. पिर्के आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी १९०५ मध्ये यावर पुस्तक लिहिले, आणि १९०६ मध्ये पिर्के यांनी ॲलर्जी हा शब्द घडवला. त्यांच्या मनातला अर्थ आजच्यापेक्षा मोठा होता. एकदा परक्या पदार्थाची गाठ पडली की शरीराची वागणूक बदलते, मग त्या बदलाने संरक्षण मिळो की इजा होवो, दोन्हीला त्यांनी एकच शब्द दिला होता. पुढे लोकांनी त्यातला इजेचा भाग तेवढा ठेवला.

शब्द मिळाला, पण रक्तातली कोणती वस्तू हे घडवते ते कळायला आणखी साठ वर्षे लागली. १९२१ मध्ये जर्मनीत कार्ल प्राउस्निट्झ यांनी आपले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांच्या रक्ताचे सिरम स्वतःच्या कातडीत टोचून घेतले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. प्राउस्निट्झ यांना सोसत. टोचलेल्या जागी दुसऱ्या दिवशी माशाचा अर्क दिला, तर तेवढ्याच जागी गांधी उठली. म्हणजे ॲलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी घटकाबरोबर एका माणसातून दुसऱ्यात नेता येते. तो घटक १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी पती-पत्नीला, आणि स्वतंत्रपणे स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिक यांना सापडला. त्याचे नाव आयजीई. आज लातूरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत रक्ताच्या कागदावर ‘टोटल आयजीई’ असा आकडा छापून मिळतो, त्यामागे ही एवढी वाट आहे.

पण या आकड्याने घाबरून जाऊ नये. पोटात जंत असले तरी तो वाढतो, आणि आपल्या भागात जंत काही दुर्मीळ नाहीत. नुसता आकडा वाढला म्हणून लेकराचे दूध, अंडे, शेंगदाणे, डाळ सगळे तोडून टाकणाऱ्या आया माझ्याकडे येतात, तेव्हा लेकरू ॲलर्जीने नाही तर उपासमारीने वाळलेले असते. लेकराने काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा तेच झाले का, ही हकिकत आधी. मग त्या एका पदार्थाची कातडीवरची चाचणी. कातडीवर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलके टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांत गांधी उठते का ते पाहतात. हकिकत आणि चाचणी जुळली तरच निदान.

ॲलर्जी जगभर सारखी नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. परदेशी पुस्तकांत शेंगदाण्याची ॲलर्जी पहिल्या पानावर. मुंबईत मात्र डॉ. प्रमोद निफाडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात आपल्याकडची एक महत्त्वाची अन्न-ॲलर्जी म्हणून हरभऱ्याचे नाव घेतले. लातूर म्हणजे डाळींची बाजारपेठ. आपल्या पिठल्यात, भज्यात, पुरणात हरभरा आहे. ज्याला तो सोसत नाही त्याच्या घरी ही माहिती किती मोलाची, हे वेगळे सांगायला नको.

झाडझाडोराही तसाच. गाजर गवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली ठळक नोंद पुण्यातून १९५६ मध्ये झाली. साठ-सत्तरच्या दशकात पुण्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याने होणाऱ्या त्वचादाहाचे रुग्ण नोंदवले. रस्त्यांच्या कडेने, धान्याच्या पोत्यांबरोबर ते आपल्या शिवारात आले आणि आता पडीक रानात दुसरे काही दिसत नाही. वेडी बाभूळही बाहेरची, तिचे परागकण दम्याच्या रुग्णांना त्रास देतात. बांधावरचे गवत फुलात येण्याआधी उपटायचे, आणि उपटताना हात-तोंड झाकायचे, हा औषधाइतकाच उपाय आहे.

मुलांतला दमा किती, हे मोजण्यासाठी नव्वदच्या दशकात जगभर एकाच प्रश्नावलीने एक मोठी पाहणी झाली. १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. ५६ देशांतली, १३-१४ वर्षांची चार लाख त्रेसष्ट हजारांहून अधिक मुले तीत होती. भारतातल्या केंद्रांत मुंबई-पुणेही होते. देशादेशांत वीसपटीपर्यंत फरक दिसला आणि आपल्याकडचे आकडे इंग्लंड-ऑस्ट्रेलियापेक्षा बरेच कमी निघाले. आपल्याकडे कमी म्हणून निश्चिंत राहावे असे मात्र नाही. ज्या घरात लेकरू रात्रभर उशीला टेकून बसते, त्या घराला टक्केवारीचा उपयोग नसतो.

बाळदम्याचे औषध आज आपल्याला माहीत आहे. दाबून घ्यायचा पंप १९५६ मध्ये आला. सूज कमी करणारे स्टिरॉइड पंपातून थेट श्वासनलिकेत देणे १९७२ च्या सुमारास सुरू झाले. गोळीच्या मानाने त्याची मात्रा फार थोडी, म्हणून दुष्परिणामही थोडे. तरी ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी आजही आठवड्यातून चार वेळा ऐकतो. आमचा भाग पूर्वी हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे एक वाट अजून तिकडे जाते. मृग निघाला की हैदराबादला जिवंत मासळीच्या तोंडात औषध घालून ती दमेकऱ्यांना गिळायला देतात. आमच्याकडून पिढ्यान्‌पिढ्या माणसे तिकडे गेली. त्या मासळीचा उपयोग आजवर कुठल्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेला नाही. श्रद्धेने कुणी गेले तर मी भांडत नाही, एवढेच सांगतो की जाताना पंप पिशवीत ठेवा आणि लेकराला घाईने जिवंत मासा गिळायला लावू नका.

एका बाबतीत मात्र जुन्या रीतीला नव्या शास्त्राने दुजोरा दिला. लेकराला ॲलर्जी होऊ नये म्हणून शेंगदाणे, अंडे असे पदार्थ उशिरा द्यावेत, असे पाश्चात्त्य डॉक्टर बरीच वर्षे सांगत होते. २०१५ मध्ये लंडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांना धोका जास्त अशा ६४० बाळांपैकी निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले होते. त्यांच्यात पाच वर्षांच्या वयापर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. आपल्याकडे उष्टावण सहाव्या-सातव्या महिन्यात होते आणि मग ताटातले मऊ करून सगळे भरवले जाते. ती रीत मोडण्याचे कारण नाही. फक्त अख्खा दाणा देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून द्यावा. ज्या बाळाला मोठा इसब आहे, त्याच्याबाबत आधी डॉक्टरांना विचारावे.

आता त्या बिननावाच्या आजाराकडे वळू.

जंतुसंसर्गाने जे लेकरू पहिल्याच न्यूमोनियात जाते, त्याची प्रतिकारशक्ती कमी होती की जंतू जबर होता, हे कुणी सांगू शकत नाही. ते कळायला लेकरू पहिल्या आजारातून वाचावे लागते, दुसऱ्यातून वाचावे लागते, मग कुणीतरी विचारते, ‘यालाच का?’ वाचवणारे औषध म्हणजे पेनिसिलिन. ते युद्धानंतर सर्वांना मिळू लागले. आपल्याकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. प्रतिजैविके आली तेव्हा कुठे ही लेकरे डॉक्टरांना दिसू लागली.

१९५२ साल या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी अमेरिकेतले लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. त्याला पुन्हा पुन्हा न्यूमोकॉकस जंतूचा रक्तसंसर्ग व्हायचा, दर वेळी प्रतिजैविकाने तो वाचायचा. त्यांच्या रुग्णालयात रक्तातली प्रथिने वेगळी करणारे यंत्र नुकतेच आले होते. त्यात या मुलाचे रक्त घातले, तर गॅमाग्लोब्युलिन, म्हणजे ज्यात प्रतिपिंडे असतात तो भाग, दिसेचना. ब्रुटन यांनी त्याला दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातले गॅमाग्लोब्युलिन टोचायला सुरुवात केली आणि ते आजार थांबले. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात कमतरतेचा हा पहिला ठळक शोध मानला जातो. हा आजार आईकडून मुलग्यांकडे येतो, आणि त्याचे जनुक १९९३ मध्ये सापडले.

त्याच १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती प्रसिद्ध केली. काही जणांचे रक्त ओ गटासारखे वाटे, पण ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. हाच तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. या दोन बातम्यांचा त्या वेळी एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण मुंबईत अशा कामासाठी एक केंद्र हवे, म्हणून १९५७ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने परळला रक्तगट संदर्भ केंद्र काढले. भेंडे यांच्या शोधनिबंधाचे एक लेखक डॉ. एच. एम. भाटिया पुढे त्याचे प्रमुख झाले. तेच केंद्र वाढत जाऊन राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था झाले. शेजारी १९२६ चे केईएम, १९२९ चे वाडिया बालरुग्णालय, आणि जवळच हाफकिन संस्था. परळच्या त्या एका तुकड्यात रक्ताचा अभ्यास करणारे आणि लेकरांवर उपचार करणारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आले.

तांबड्या पेशींवर काम करणारे लोक पांढऱ्या पेशींकडे वळणे मग अवघड नव्हते. या संस्थेत डॉ. मनीषा मडकईकर आणि वाडियामध्ये डॉ. मुकेश देसाई यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह अशा मुलांचे निदान करण्याचे काम उभे केले. त्यात एक आजार असा, की पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नाहीत. जागल्या आहे, गोफणही आहे, पण त्याला माळ्यावरून उतरताच येत नाही. अशा बाळाची नाळ लवकर गळत नाही, जखमेत पू होत नाही आणि जखम भरतही नाही. गंमत म्हणजे या आजाराचा एक विरळा प्रकार १९९२ मध्ये इस्रायलमध्ये सापडला, तेव्हा त्या मुलांचा रक्तगट बॉम्बे निघाला. जी साखर तांबड्या पेशीवर नसली की बॉम्बे गट होतो, तीच साखर पांढऱ्या पेशीला चिकटण्यासाठी लागते. चाळीस वर्षांपूर्वीच्या दोन वेगळ्या बातम्या अशा एका लेकराच्या रक्तात एकत्र आल्या.

आता आमच्या तालुक्यातल्या एका लेकराची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये एवढी काळजी घेऊन सांगतो. चार महिन्यांचा मुलगा. डाव्या दंडावर बीसीजीची लस टोचली होती, त्याच बाजूच्या काखेत मोठी गाठ आली आणि ती फुटली. औषधाने तात्पुरती बसली. मग यकृतात गळू, मग न्यूमोनिया. सोबत त्याच्या आईची आई होती. मी विचारले, “आजी, घरात याआधी असं कुठलं लेकरू गेलंय का?” त्या म्हणाल्या, “माझं धाकटं पोर गेलं की साहेब, तीन वर्सांचं होऊन. त्यालाबी अशाच गाठी उठायच्या. हिचा पाठचा भाऊ.” म्हणजे या बाळाचा मामा.

हा मामा फार महत्त्वाचा साक्षीदार असतो. प्रतिकारशक्तीचे काही विकार एक्स गुणसूत्रावरून येतात. आईजवळ एक्स गुणसूत्रे दोन, त्यामुळे एक बिघडले तरी दुसरे सांभाळून घेते. मुलग्याजवळ एकच. म्हणून आजार दिसतो तो मुलग्यांत, आणि खूण सापडते आईच्या भावांत. कुटुंबाची हकिकत विचारताना आपण बापाकडच्या माणसांची विचारतो आणि आजोळ विसरतो. इथे आजोळच आधी विचारायला हवे.

लातूर-मुंबई गाडीने ते लोक परळला गेले. रक्ताची एक चाचणी झाली. पांढऱ्या पेशींना चेतवतात आणि त्यात असे रसायन घालतात, की पेशीने जंतू मारायचे द्रव्य तयार केले तर ती यंत्राखाली चमकते. त्या बाळाच्या पेशी चमकल्या नाहीत. जागल्या शेतात पोचत होता, पण गोफणीत दगड नव्हता. मग आईचेही रक्त तपासले. तिच्या काही पेशी चमकल्या, काही नाही. दोन्ही तऱ्हेच्या पेशी तिच्या रक्तात शेजारी शेजारी होत्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या मामाचा आजार असा त्याच्या बहिणीच्या रक्तात वाचता आला.

या आजाराचा इतिहास माझे म्हणणे फार नेमके सांगतो. अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये तो पहिल्यांदा सविस्तर मांडला, तेव्हा त्याच्या नावात ‘प्राणघातक’ असा शब्द होता. मुले जगू लागली तेव्हा तो काढून ‘दीर्घकालीन’ असा शब्द घातला. आज त्याला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. आमचा हा मुलगा रोज दोन औषधे घेतो, एक जंतूंवरचे, एक बुरशीवरचे. पहिले तर जुने आणि स्वस्त आहे. त्याला उकिरड्यापासून, भिजलेल्या कडब्यापासून आणि सोयाबीनच्या गुळीच्या ढिगापासून दूर ठेवावे लागते, कारण तिथली बुरशी त्याला घातक. शेतकऱ्याच्या घरात हे सोपे नाही. पण घरच्यांनी ते निभावले. तो आता सातवीत आहे. पूर्ण बरे करायचे तर अस्थिमज्जारोपण, त्याचा विचार चालू आहे.

निदान झाले त्या दिवशी घरात आणखी एक प्रश्न उभा राहिला. ‘म्हणजे हिच्या माहेरचंच हे दुखणं,’ असे कुणीतरी बोलले. हे मी इथे मुद्दाम सांगतो. गुणसूत्र कुणी निवडून आणत नाही. आईचा त्यात दोष नाही, आणि तिने तर एक भाऊही त्याच दुखण्यात गमावलेला असतो. शिवाय सगळे विकार आईकडून येत नाहीत. कितीतरी विकार असे, की आई आणि वडील दोघांकडूनही एकेक बिघडलेले जनुक यावे लागते. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. एकाच रक्तात सोयरीक झाली की तेच जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. कुणाला दुखवायचे नाही, पण ज्या घरात असे लेकरू गेले आहे, त्या घराने तरी सोयरिकीच्या आधी हा विचार करावा.

जन्मजात कमतरतेबरोबर एक मिळवलेली कमतरताही आपल्या जिल्ह्याने पाहिली. ती म्हणजे एचआयव्ही. भारतात त्याचे निदान पहिल्यांदा १९८६ मध्ये झाले. सरकारने मोफत औषधोपचार २००४ मध्ये सुरू केला आणि मुलांसाठी वेगळ्या मात्रेची औषधे २००६ मध्ये आणली. औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये ‘सेवालय’ उभे केले, ते अशाच मुलांसाठी. सुरुवातीच्या वर्षांत या मुलांना गावच्या शाळेत बसवायला विरोध झाला. पण औषधे मिळाली, अन्न मिळाले, आणि ती मुले वाढली. ज्या विकाराचे नाव घ्यायलाही माणसे घाबरत, त्यातली मुले शिकून कामाला लागली, ही आपल्या जिल्ह्यातली गोष्ट आहे. एचआयव्हीमुळे आणखी एक झाले. पांढऱ्या पेशींचे प्रकार मोजणारी यंत्रे मोठ्या शहरांबाहेरच्या सरकारी रुग्णालयांत आली, आणि ‘प्रतिकारशक्ती मोजता येते’ ही गोष्ट डॉक्टरांच्या अंगवळणी पडली.

आज जन्मजात विकारांचे पाचशेहून अधिक प्रकार माहीत आहेत. काहींना दर तीन-चार आठवड्यांनी इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागते. ते फार महाग, आणि कारखान्यात बनत असले तरी येते माणसांच्याच रक्तातून. त्याचा एक साठा तयार करायला किमान हजार दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करतात. आपल्या गावच्या जयंतीला होणारे रक्तदान कुठवर पोचू शकते, याचा अंदाज यावरून यावा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशा काही विकारांचा समावेश आहे. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपये झाली. मुंबईचे केईएम हे त्याचे एक केंद्र आहे. कागदपत्रांची धावपळ मोठी आहे, पण दार उघडे आहे.

दारापर्यंत जायला आधी शंका यावी लागते, आणि ती रेणापुरातच यायला हवी. वर्षात दोनदा न्यूमोनिया, खोलवरची गळवे पुन्हा पुन्हा, वर्षाच्या पुढेही न जाणारी तोंडातली पांढरी बुरशी, बीसीजीनंतर काखेत फुटलेली मोठी गाठ, न वाढणारे वजन, आणि घरात बालपणी गेलेले कुणी. यातले एक-दोन जुळले तर साधी सीबीसी करावी. तीत लिम्फोसाइट नावाच्या पेशींचा आकडा बघावा. तान्ह्या बाळात तो मोठ्या माणसापेक्षा बराच जास्त असतो. मोठ्यांच्या मापाने तो ठीक वाटला, तरी बाळाच्या वयाला तीन हजारांच्या खाली असणे ठीक नसते. ही तपासणी काही शे रुपयांत आपल्या तालुक्यात होते. यंत्रातून छापून आलेल्या कागदावर हा आकडा असतोच, फक्त तो वयाशी ताडून पाहणारा डोळा हवा.

आणि लसींचे. हे ऐकून कुणी लस टाळू नये. लाखो लेकरांना लसीने वाचवले आहे. ज्या घरात असे लेकरू आधी गेले आहे, त्यांनी मात्र पुढच्या बाळाच्या जन्माआधीच डॉक्टरांना सांगावे. जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी आणि पोलिओचे तोंडी थेंब, अशा बाळाला तपासणीनंतर द्यायच्या की नाही ते ठरवता येते.

शेवटी एक विनंती. आपल्या घरात बालपणी गेलेल्या लेकरांची नावे सहसा कुठे लिहिलेली नसतात. कुळाच्या वंशावळीत ती येत नाहीत, बारशाआधी गेली तर नावही नसते. पण आजीला ती आठवतात. किती महिन्यांचे होते, गाठी आल्या होत्या का, कान वाहायचा का, मुलगा होता की मुलगी, हे सगळे तिला आठवते. पुढच्या वेळी आजी बोलू लागल्या की वहीत उतरवून ठेवा. दोन्ही घराण्यांचे, आजोळचे आधी. घरात बाळ येणार असेल तेव्हा ती वही डॉक्टरांना दाखवा.